योर्डानमधलं जुनं घर भाड्याने घेताना: सही करण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको आणि तीन वर्षांची मुलगी, पुण्याहून नोकरीसाठी ॲमस्टरडॅमला येणार. योर्डान भागात, प्रिन्सेनखराख्त या कालव्याच्या पश्चिमेला एका गल्लीत, अठराव्या शतकातल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ५५ चौरस मीटरचा फ्लॅट मिळतो आहे. भाडं महिना २,१०० युरो, करार एक वर्षाचा. घराची जाहिरात देणारा एजंट एक महिन्याचं भाडं फी म्हणून आणि तीन महिन्यांचं डिपॉझिट मागतोय. घर दाखवणार फक्त व्हिडिओ कॉलवर. घ्यावं का?

या अटींवर घेऊ नका. घर वाईट आहे म्हणून नव्हे, ते कदाचित उत्तम असेल. पण तुम्हाला सांगितलेल्या अटींपैकी फी आणि डिपॉझिट या दोन उघड बेकायदा आहेत, एक वर्षाची मुदत बहुतेक कायद्यात बसत नाही आणि भाड्याचा आकडा तपासल्याशिवाय मान्य करण्यासारखा नाही. नेदरलँड्समध्ये भाडेकरूला कायद्याचं संरक्षण चांगलं आहे, पण ते मागावं लागतं. बाहेरून नवीन आलेल्या माणसाला ते माहीत नसतं, हे इथला घरांचा बाजार ओळखून असतो.

आधी फी. एजंट घरमालकाच्या वतीने जाहिरात देत असेल, तर त्याला भाडेकरूकडून दलाली घेता येत नाही. तिला 'करार खर्च', 'प्रशासकीय खर्च', 'फाइल खर्च' असं काहीही नाव दिलं तरी नाही. तुम्ही स्वतः एखाद्या एजंटला फक्त तुमच्यासाठी घर शोधायला नेमलं असेल तर त्याची फी द्यावी लागते. हे प्रकरण तसं नाही. डिपॉझिटची कमाल मर्यादा १ जुलै २०२३ पासून दोन महिन्यांचं मूळ भाडं आहे, म्हणजे वीज, गॅस, फर्निचर, सेवा वगळून उरणारं भाडं. घर सोडल्यावर काही कापायचं नसेल तर १४ दिवसांत आणि कापायचं असेल तर हिशोबासह ३० दिवसांत ते परत करावं लागतं. ई-मेलवर एवढंच लिहा की या दोन्ही मागण्या कायद्याला धरून नाहीत, त्या काढून करार पाठवावा. एजंट सरळ असेल तर लगेच दुरुस्ती करतो. चिडला किंवा 'रांगेत दहा जण आहेत' म्हणाला, तर पुढे दुरुस्तीच्या वेळी तो कसा वागेल याचा अंदाज आत्ताच आला असं समजा.

एक वर्षाचा करार. १ जुलै २०२४ पासून नवा करार बेमुदत असणं हाच नियम आहे. मुदतीचा करार विद्यार्थ्यांसारख्या काही ठरावीक गटांसाठी चालतो, किंवा मालक स्वतः काही काळ परदेशी जाणार असेल आणि परत येऊन त्याच घरात राहणार असेल तर चालतो; तसं कारण करारात स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. 'एक वर्ष, मग बघू' एवढंच असेल तर ती मुदत मालकाला टिकवता येत नाही. मात्र 'पहिले बारा महिने भाडेकरूने सोडायचं नाही' असं कलम बेमुदत करारातही असू शकतं आणि ते वैध असतं. नोकरीचा प्रोबेशन काळ अजून चालू असेल तर ते कलम काढून घ्या किंवा कमी करून घ्या. असं कलम नसेल तर तुमची नोटीस एक महिन्याची. मालकाला मात्र किमान तीन महिन्यांची नोटीस आणि कायद्यात बसणारं कारण, दोन्ही लागतं.

आता भाडं. यातच सगळ्यात जास्त पैसा अडकलेला आहे, म्हणून जरा सविस्तर.

इथे घराला गुण देतात आणि कमाल भाडं त्यांवरून ठरतं. गुण कशाकशाला: क्षेत्रफळ, गरम होणाऱ्या खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, ऊर्जा-लेबल, बाल्कनी किंवा बाग, आणि नगरपालिकेने ठरवलेली घराची किंमत, जिला 'वोझ' म्हणतात. खोल्यांच्या प्रत्येक चौरस मीटरला एक गुण, इतर जागांना पाऊण. तिरप्या छताखाली उंची दीड मीटरपेक्षा कमी असलेला भाग मोजत नाहीत, आणि जुन्या घरांच्या वरच्या मजल्यांवर यातच बरेच चौरस मीटर गळतात. १४३ गुणांपर्यंत घर सामाजिक भाड्यात मोडतं, १४४ ते १८६ मध्यम भाड्यात, आणि १८७ पासून पुढे भाडं मोकळं, म्हणजे कमाल मर्यादा नाही. २०२५ च्या तक्त्यात १८६ गुणांचं कमाल मूळ भाडं १,१८४.८२ युरो आहे. हा तक्ता दर वर्षी बदलतो, म्हणून तुमच्या कराराच्या तारखेचा पाहा.

जुन्या शहराची खास गोष्ट पुढे येते. घर राष्ट्रीय यादीतली संरक्षित वास्तू असेल, म्हणजे 'राइक्समोन्युमेंट', तर कमाल भाड्यावर ३५ टक्के जास्त घेता येतात. नगरपालिकेच्या यादीतली वास्तू असेल तर १५ टक्के. दोन्ही नसेल, पण १९६५ पूर्वीचं घर संरक्षित नगरक्षेत्रात असेल तर ५ टक्के. सिंगेलखराख्त या कालव्याच्या आतलं अख्खं ॲमस्टरडॅम असं संरक्षित क्षेत्र आहे, त्यामुळे योर्डानमधल्या जुन्या घराला निदान ५ टक्के लागतातच. आता गणित करा. १८६ गुण आणि वर ३५ टक्के धरले तरी कमाल १,६०० युरोच्या आत. याचा अर्थ २,१०० युरो फक्त एकाच परिस्थितीत वैध ठरतात: घराला १८७ किंवा जास्त गुण असतील तर. ५५ चौरस मीटरच्या जुन्या घराला तेवढे गुण सहजासहजी मिळत नाहीत. योर्डानमध्ये वोझ किंमत प्रचंड असते हे खरं, पण घर मोकळ्या भाड्यात जायला लागलं की वोझचे गुण एकूण गुणांच्या ३३ टक्क्यांपुरतेच धरतात. ही मर्यादा नेमकी अशा लहान आणि महागड्या घरांसाठी आहे.

तेव्हा एजंटकडे लेखी गुणपत्रक मागा. १ जानेवारी २०२५ पासून नव्या करारासोबत ते देणं मालकाला बंधनकारक आहे. ते हातात येईपर्यंत तुम्ही स्वतःही तपासू शकता. भाडेविवाद सोडवणाऱ्या सरकारी ह्यूरकॉमिसीच्या संकेतस्थळावर भाडं मोजायचं साधन आहे, वोझ किंमत पत्ता टाकून कोणालाही पाहता येते, आणि वास्तू राष्ट्रीय यादीत आहे का ते सरकारी मोन्युमेंट रजिस्टरमध्ये मिनिटभरात कळतं. 'आमची बिल्डिंग मोन्युमेंट आहे' हे तोंडी वाक्य ऐकून ३५ टक्के मान्य करू नका. पाटी लावलेली किंवा सुंदर घंटेच्या आकाराचा माथा असलेली प्रत्येक इमारत त्या यादीत नसते.

गुणपत्रकात सर्वात जास्त फुगवलेलं सापडतं ते क्षेत्रफळ. जिना, उतरत्या छताखालचा कोपरा, सामाईक पॅसेज हे सगळं धरून ५५ म्हणतात आणि प्रत्यक्ष मोजलं की ४८ भरतं. नकाशा मागवा आणि खोली-खोलीची बेरीज स्वतः करा.

सही केल्यावर भाडं जास्त असल्याचं कळलं तरी हात बांधलेले नसतात. मोकळ्या भाड्याचा करार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ह्यूरकॉमिसीकडे सुरुवातीच्या भाड्याची तपासणी मागता येते. भाडेकरूची फी २५ युरो, निकाल तुमच्या बाजूने लागला की ती परत मिळते, आणि तुम्ही तपासणी मागितली एवढ्यावरून मालक घराबाहेर काढू शकत नाही. ॲमस्टरडॅममध्ये 'वोन' ही संस्था यात फुकट मदत करते, घरी येऊन गुण मोजून देते. सहा महिन्यांची तारीख मात्र पहिल्याच दिवशी कॅलेंडरमध्ये घाला. अजून एक बाजू पाहून ठेवा: घर मध्यम भाड्यात मोडत असेल तर ॲमस्टरडॅम नगरपालिका निवास-परवाना मागते आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा असते. दोघांचे पगार मिळून तुम्ही तीत बसता का, हे नगरपालिकेकडून आधी कळून घ्या.

करारात सगळं धरून एकच रक्कम लिहिली असेल तर मूळ भाडं आणि सेवाखर्च वेगळे लिहून घ्या. 'कोरं' म्हणून दिलेल्या घरात जमिनीवर लाकडी किंवा लिनोलियमचा थरही नसतो. 'गेस्टोफेर्ड' म्हणजे जमिनीवरचा थर आणि पडदे असतात, पलंग-कपाट नसतं. आधीच्या भाडेकरूचे पडदे, जमिनीवरचा थर विकत घेण्याची गळ घालतात. त्या वस्तूंची यादी आणि किंमत पाहूनच हो म्हणा.

आता इमारत. योर्डान १६१२ नंतरच्या शहरविस्तारात कारागीर आणि मजुरांसाठी वसलं. गल्ल्या जुन्या शेतांमधल्या पाण्याच्या चरांवरून आखल्या गेल्या, म्हणून प्लॉट अरुंद आणि खोल. त्यातले काही कालवे पुढे बुजवले. आजचा रोझेनखराख्तचा रहदारीचा रस्ता १८८९ पर्यंत कालवा होता. बरीच घरं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आतून नव्याने बांधली गेली. म्हणून 'अठराव्या शतकातलं' हे दर्शनी भिंतीला लागू. नळ, वायरी, गॅस किती जुने आहेत ते वेगळं विचारायचं.

पाया लाकडी खांबांचा. मऊ माती आणि पीट (कुजलेल्या वनस्पतींचा थर) ओलांडून साधारण १२ मीटरवर वाळूचा पहिला थर लागतो, तिथवर खांब ठोकलेले असतात. लाकूड पाण्याखाली शतकानुशतकं टिकतं. भूजल खाली गेलं की खांबांच्या डोक्याला हवा लागते, बुरशी चढते आणि घर एका बाजूने बसतं. पुढे झुकलेली दर्शनी भिंत पाहून घाबरू नका. बरीचशी मुद्दाम तशी बांधली आहेत. खिडकीच्या कोपऱ्यांतून विटांच्या सांध्यांवरून पायऱ्यांसारख्या चढत जाणाऱ्या भेगा, कोपरे कापून बसवलेली दारं आणि एका भिंतीकडे उतरणारी जमीन ही खरी लक्षणं. मालकाला विचारा: पायाचा अहवाल आहे का, पायाची दुरुस्ती पुढच्या काही वर्षांत ठरली आहे का. ती दुरुस्ती सुरू झाली तर तळमजल्याची जमीन उखडतात आणि वरच्यांनाही काही महिने बाहेर राहावं लागू शकतं. घर थेट कालव्यावर असेल तर समोरचा धक्का, म्हणजे काठाची भिंत, नगरपालिकेच्या नूतनीकरणाच्या यादीत आहे का तेही पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये ग्रिमबुर्खवाल कालव्याचा धक्का कोसळला, आणि धक्के-पूल नव्याने बांधायचं काम शहरात वर्षानुवर्षं चालणार आहे.

घर प्रत्यक्ष पाहणं शक्य असेल तर ते टाळू नका. कंपनीतला सहकारी किंवा ओळखीचं मराठी कुटुंब तुमच्या वतीने जाऊ शकतं. व्हिडिओच असेल, तर कॅमेरा तुम्ही सांगाल तिथे न्यायला लावा. सुरुवात रस्त्याच्या दारापासून, जिना चढत. या जिन्यांच्या पायऱ्यांवर अख्खं पाऊल मावत नाही, उतरताना पाऊल आडवं टाकावं लागतं आणि काही ठिकाणी कठड्याऐवजी दोरी असते. मुलगी तीन वर्षांची आहे, म्हणजे जिन्याच्या वर आणि खाली फाटक लागणार. ते बसवायला दोन्ही बाजूंना पक्की भिंत किंवा चौकट आहे का पाहा. बाबागाडी रोज दुसऱ्या मजल्यावर नेणं जमणार नाही, आणि सामाईक जिन्याखाली ठेवायला शेजाऱ्यांची हरकत असते, कारण सुटकेची वाट तीच. खिडक्यांचे कठडे किती उंचीवर आहेत तेही मोजून घ्या.

मग मीटरचं कपाट उघडायला सांगा. मुख्य जोडणी २५ अँपिअरची एकच फेज असेल तर एकूण ५,७५० वॅट मिळतात. चार शेगड्यांचं इंडक्शन पूर्ण चाललं की सुमारे ७,४०० वॅट ओढतं. मग ओव्हन, वॉशिंग मशीन आणि इंडक्शन एकत्र लावले की फ्यूज जातो. चिनी मातीचे जुने स्क्रू-फ्यूज दिसले, आणि ३० मिलीअँपिअरचं गळती-संरक्षण दिसलं नाही, तर ते बसवून द्यायची अट करारात घाला. गरम पाणी कशावर आहे ते विचारा. स्वयंपाकघरात भिंतीवर धुराड्याशिवायचा जुना गॅस गीझर असेल तर तो बदलल्याशिवाय राहायला जाऊ नका; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने इथे अजूनही माणसं मरतात. सीलबंद बॉयलर असेल तर शेवटच्या सर्व्हिसिंगची तारीख पाहा. एप्रिल २०२३ पासून गॅस बॉयलरचं काम फक्त प्रमाणित कंपनीला करता येतं. प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म २०२२ पासून सक्तीचा आहे. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा घ्यावा लागतो, तो स्वतः घेऊन बॉयलर असलेल्या खोलीत लावा.

लहान मूल आहे म्हणून एक तपासणी आणखी महत्त्वाची. १९६० पूर्वीच्या घरांत पाण्याची नळी शिशाची असू शकते. पाण्याच्या मीटरपासून निघणारी आणि सिंकखालची नळी जवळून दाखवायला सांगा. शिशाची नळी करडी आणि मऊ असते, वळणं हाताने वाकवल्यासारखी गोलसर, सांधे फुगीर. नाण्याने खरवडलं की चांदीसारखी चकाकते आणि ठोकली की बद्द आवाज येतो. तांब्याची लालसर दिसते आणि खणखणते. शिशाची निघाली तर बदलून देणं मालकाचं काम, आणि तोवर मुलीला बाटलीतलंच पाणी.

ओल आणि थंडी. संरक्षित वास्तूत खिडक्यांना बऱ्याचदा एकेरी काच असते आणि ती बदलायला परवानगी लागते. आतून दुसरी काच बसवलेली असेल तर निम्मा प्रश्न सुटतो. मागच्या वर्षीचं गॅस-विजेचं बिल मागा, लेबलपेक्षा ते खरं बोलतं. पलंग किंवा कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं असेल तर त्यामागे कॅमेरा न्यायला सांगा. काळी बुरशी तिथेच असते, आणि नवा पांढरा रंग फक्त एकाच कोपऱ्यात दिसला तर कारण विचारा.

आपल्या स्वयंपाकासाठी धुराड्याचा पंखा पाहा. जुन्या घरांत तो हवा बाहेर टाकत नाही, कोळशाच्या फिल्टरमधून परत खोलीतच सोडतो. रोजच्या फोडणीला तो फिल्टर काही महिन्यांत संपतो. इमारतीच्या सामाईक हवेच्या नळीला मोटरचा पंखा जोडणं तर साफ चूक आहे, तुमचा वास आणि धूर शेजाऱ्याच्या न्हाणीघरात जातो.

मजले लाकडी तुळयांचे. खालच्याला मुलीची धावपळ आणि सकाळचा मिक्सर दोन्ही ऐकू जातात. इमारतीच्या सोसायटीचे नियम मागा. कडक जमीन घालताना आवाज रोखणारा थर सक्तीचा असतो आणि तो नसेल तर ती काढायला लावू शकतात. बाहेरच्या आवाजाचंही बघा. वेस्टरकेर्क चर्चच्या मनोऱ्यातली घंटा दर पंधरा मिनिटांनी वाजते, नोर्डरमार्क्ट या चौकात सोमवारी आणि शनिवारी बाजार भरतो, आणि ज्या गल्लीत तीन कॅफे आहेत तिथे उन्हाळ्यात रात्रीची झोप विसरा.

सामान जिन्यातून जात नाही. जुन्या घरांच्या माथ्याला असलेली लाकडी तुळई आणि हूक त्यासाठीच आहे, पण तिला कधी तपासलं आहे हे माहीत असल्याशिवाय तिच्यावर भार टाकू नका. भाड्याची फर्निचर-लिफ्ट रस्त्यावरून खिडकीला लावतात. खिडकीचा सगळ्यात मोठा उघडणारा भाग मोजा, गादी आणि फ्रिज त्यातून जायला हवा. लिफ्ट आणि गाडीसाठी रस्त्यावरची जागा नगरपालिकेकडून आधी राखून घ्यावी लागते. मध्यभागात ७.५ टनांवरच्या गाड्यांना बंदी आहे आणि व्हॅनसाठी प्रदूषणमुक्त क्षेत्राचे नियम आहेत, म्हणून स्थानिक मूव्हर घ्या. भारतातून कंटेनर येणार असेल तर हे सगळं त्याच्या तारखेआधी ठरवा. स्वतःची गाडी ठेवायची इच्छा असेल तर योर्डान विसरा. पार्किंग परवान्याची रांग वर्षांची आहे, आणि इथली अनेक भारतीय कुटुंबं शेजारचं आम्स्टेलवेन निवडतात त्यामागे लिफ्ट, गाडी आणि शाळा हीच कारणं असतात.

त्या पत्त्यावर नोंदणी होते का हे सही करण्याआधी लेखी घ्या. आल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते, त्यावरच नागरिक सेवा क्रमांक मिळतो आणि त्याशिवाय पगार, विमा, बँक सगळं अडतं. 'नोंदणी करता येणार नाही' असं म्हटलं की तिथेच थांबा. तिघांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला महाराष्ट्रातून निघण्याआधी ॲपोस्टिल (परदेशात मान्य होणारा सरकारी शिक्का) करून घ्या. दाखला फक्त मराठीत असेल तर अधिकृत इंग्रजी किंवा डच भाषांतरही लागेल. आणि ॲमस्टरडॅममध्ये प्राथमिक शाळेसाठी घराजवळच्या आठ शाळांत प्राधान्य मिळतं, तेव्हा मुलीची शाळा या पत्त्यावरून ठरणार आहे हे लक्षात घ्या.

पैसे देण्याआधी मालक खरा आहे का तपासा. जमीन-नोंदणी खात्यातून, म्हणजे काडास्टरमधून, थोड्या युरोत त्या पत्त्याच्या मालकाचं नाव मिळतं; करारावरचं नाव तेच हवं, किंवा त्याने एजंटला दिलेलं अधिकारपत्र हवं. 'मी परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो' ही फसवणुकीची ठरलेली चाल. पासपोर्टची प्रत पाठवताना सरकारी कोपीआयडी ॲपने नको ते तपशील झाका आणि प्रतीवर कोणाला, कशासाठी, कधी दिली ते लिहा. पगाराच्या तीन स्लिपा नसतील तर कंपनीचं उत्पन्नाचं पत्र चालतं. भाड्याच्या तीन ते चार पट मासिक पगार मागण्याची पद्धत आहे.

चावी घेण्याच्या दिवशी मालक किंवा एजंटसोबत खोली-खोली फिरून पाहणीचा अहवाल करा, दोघांच्या सह्या घ्या आणि फोटो त्याच दिवशी ई-मेलने पाठवा, म्हणजे तारीख पक्की होते. वीज, गॅस, पाण्याच्या मीटरचे आकडे फोटोत हवेत. दाराचं कुलूप, चाव्यांची संख्या, प्रत्येक खिडकी उघडते-लागते का, सगळं त्यात लिहा. नंतर बल्ब, नळाचा वॉशर, तुंबलेलं सिंक तुम्ही पाहायचं. बॉयलर, छत, खिडक्यांचा बाहेरचा रंग, ओल हे मालकाचं. मोठी तक्रार असली तर फोन पुरे नाही, लेखी कळवा. सहा आठवड्यांत काही झालं नाही आणि घर मोकळ्या भाड्यात नसेल, तर ह्यूरकॉमिसी दोष गंभीर असेल तोवर भाडं तात्पुरतं कमी करू शकते. घरातल्या सामानाचा आणि जबाबदारीचा विमा पहिल्या दिवसापासून घ्या. लाकडी मजल्यांच्या इमारतीत वॉशिंग मशीनची नळी सुटली की पाणी दोन घरं खाली जातं.